लाभाचा मासा

उत्तममामा साळवे ‘एक’ हा आकडा तोंडातून काढत नसत. एकाला ते ‘लाभ’ म्हणायचे. ही काही त्यांच्या एकट्याची खोड नव्हे. आमच्याकडं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माल मोजताना पहिल्या मापाला लाभ म्हणायचं आणि मग दोन, तीन, चार असं पुढं जायचं, हा जुना रिवाज आहे. पण बाकीचे मापाडी मोंढ्याच्या फाटकातून बाहेर पडले की चारचौघांसारखं एक म्हणायचे. मामांचं तसं नव्हतं. जीपमधली माणसं मोजायची असोत, दुरडीतल्या भाकरी असोत की मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, सुरुवात लाभानंच. त्यांच्या लेकीच्या, सुनीताच्या लग्नात पंगतीतून हिंडत ते पत्रावळ्या मोजत होते, “लाभ, दोन, तीन...” नवरदेवाचा बाप पुण्याचा. त्याला वाटलं, व्याही पंगतीला आशीर्वाद देऊन राहिलेत. त्यानं बिचाऱ्यानं उठून हात जोडले.

मी तीर्थपुरीच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर दिवाणजी आहे. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढतो, मापाडी वजन मोठ्यानं बोलतो आणि दिवाणजी ते लिहितो. एकवीस वर्षं मामा बोलले आणि मी लिहिलं. “बासष्ट चारशे. लिही.” म्हणजे बासष्ट किलो चारशे ग्रॅम. पुढचं पोतं. “एकसष्ट आठशे. लिही.” माझ्या बायकोनं मला जेवढ्या हाका मारल्या नसतील, तेवढ्या वेळा मामांनी मला ‘लिही’ म्हटलं असेल. मी लिहीपर्यंत ते माझ्या पेनाकडं बघत थांबायचे आणि तोवर हमालांना पोतं उतरवू द्यायचे नाहीत. सोयाबीनच्या हंगामात पोत्यांची थप्पी आढ्याला लागलेली असायची, हमाल वैतागून जायचे, पण मामा हलत नसत. मलाही राग यायचा, खोटं कशाला बोलू?

उंच, किडकिडीत माणूस. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, खांद्यावर निळा टॉवेल. आवाज मात्र त्या अंगाला न शोभणारा. काट्यापाशी बोललेलं वजन रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला ऐकू जायचं. एकदा आमचे मालक वैतागून म्हणाले, “उत्तमराव, जरा हळू बोला की. गिऱ्हाईक फोनवर बोलून राह्यलंय.” मामा म्हणाले, “मालक, गुपचूप घेतलं ते माप नव्हं. शेतकरी तिकडं झाडाखाली बसलेला असतो, त्याला बसल्या जागी ऐकू गेलं पाहिजे.” मालकांनी पुन्हा तो विषय काढला नाही. शेतकरी मात्र दुकानाचं नाव विचारायच्या आधी मापाडी कोण आहे ते विचारायचे, आणि मामा आहेत म्हटलं की खुशाल झाडाखाली आडवे व्हायचे.

मोंढ्याला रविवारी सुट्टी. महिन्यातून एखादा रविवार मामा आणि मी माझ्या मोटरसायकलवर नाथसागराला, पैठणच्या धरणाच्या तळ्याला, मासे धरायला जायचो. अंबड, पाचोड करत पैठणच्या अलीकडं उजव्या हाताला एक कच्ची वाट आहे, ती थेट पाण्यात जाते. तिथं एक वाकडी बाभळ आहे. ती आमची जागा. समोर बघावं तर पलीकडचा काठ दिसत नाही. आमच्या घनसावंगीकडच्या माणसाला एवढं पाणी बघायची सवय नसते. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी अर्धा तास नुसता बघत बसलो होतो. मामांनी तोवर कणकेच्या गोळ्या वळल्या, गळाला लावल्या आणि दोरी पाण्यात सोडून ते मोरपिसाच्या देठाकडं डोळे लावून बसले. ते देठ पाण्यावर उभं तरंगतं आणि मासा लागला की बुडतं. त्याच्यावरून नजर हटवायची नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, हे त्यांचे तिथले कायदे. मोंढ्यात गाव गोळा करणारा हा माणूस पाण्याजवळ तासन्‌तास मुका व्हायचा.

मासा आला की तळहातावर घेऊन ते दोनदा वरखाली करायचे आणि वजन सांगायचे. “नऊशे. थोडं कमी.” मी एक छोटा लटकवायचा काटा घेतला होता, मामांची चूक काढायला. किती वेळा लावून बघितला. चूक कधी हाताला लागली नाही.

मात्र पहिला मासा ते परत पाण्यात सोडायचे. वजन करायचं, “लाभ” म्हणायचं आणि सोडून द्यायचं. घरी न्यायचे ते दुसऱ्यापासून पुढचे. सुरुवातीला मला हे कौतुकाचं वाटलं. मग एका रविवारी दिवसभरात एकच मासा लागला, चांगला गलेलठ्ठ कटला, आणि मामांनी तोही सोडला तेव्हा माझं डोकं फिरलं.

“मामा, मोंढ्यात लाभ म्हणून पोतं परत देता का कुणाला?”

“तिथं माल शेतकऱ्याच्या घरून येतो,” मामा दोरी गुंडाळत म्हणाले. “इथं आपण काय पेरल्तं? ज्याचा माल त्याला पहिलं माप.”

“अहो, पण आज दुसरा आलाच न्हाई.”

“न्हाई आला तर न्हाई आला.”

त्या दिवशी दीडशे किलोमीटरचं पेट्रोल जाळून आम्ही रिकामी पिशवी घेऊन परत आलो. मासे आवडायचे ते मामींना. मामा आपले रस्सा आणि भाकरी खायचे, काट्यांच्या नादी लागत नसत. मामी दारातच म्हणाल्या, “आज लाभच का? ह्यांच्या लाभापायी माझा तवा कोरडा राह्यतो, दिवाणजी.” पण त्या हसत होत्या.

बबन जीपवाल्याचंही सांगतो. तो एकदा हट्टानं आमच्यासोबत आला. त्याला एक मरळ लागली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यानं दोन्ही हात पसरून ती पाच किलोची केली. मामा कोपऱ्यात बशीत चहा ओतत होते. तिथूनच बोलले, “पावणेदोन. तेही वलं वजन.” टपरी हसून हसून लोळायला आली. बबननं पुढं दोन महिने मामांना जीपमध्ये घेतलं नाही. मामा निमूटपणे एसटीची वाट बघत फाट्यावर उभे राहायचे. मी म्हटलं, “कामून बोललात? त्यानं सांगितलं पाच तर कुणाच्या बापाचं काय गेल्तं?” मामा म्हणाले, “बोलायचं होतं तर माझ्या मागं बोलायचं. माझ्यासमोर वजन बोलला तो. मी मापाडी हाव.” असा माणूस घरच्यांना किती सोसावा लागत असेल, असं मला त्या दिवशी वाटलं.

तीन वर्षांपूर्वीच्या सोयाबीनच्या हंगामात एका शेतकऱ्याची अकरा पोती आली. म्हातारा माणूस होता, मामांचा आवाज ऐकत झाडाखाली बसला होता. आता काटे इलेक्ट्रॉनिक झालेत, लाल आकडे दिसतात, ते बघून बोलायचं. सातवं पोतं चढलं. काट्यावर आकडा होता अडुसष्ट चारशे. मामा बोलले, “त्रेसष्ट चारशे. लिही.”

माझं पेन थांबलं. मी मामांकडं बघितलं. ते माझ्या पेनाकडं बघत होते, नेहमीसारखे. म्हाताऱ्याचं पाच किलो सोयाबीन जात होतं, ते होऊ देणं शक्य नव्हतं. पण एवढ्या माणसांसमोर, ‘मामा, तुमचं चुकलं,’ असंही माझ्यानं म्हणवेना. मी मान खाली घालून अडुसष्ट चारशे लिहिलं. मामा “हूं” म्हणाले आणि पुढच्या पोत्याकडं वळले.

सगळी पोती झाल्यावर मामांनी विचारलं, “एकूण?”

“सातशे एकवीस दोनशे.”

“माझं सातशे सोळा दोनशे.” तोंडी बेरीज करत जायची त्यांची सवय मी विसरलो होतो. “कुठं बदललं?”

“सातवं.”

मामांनी हमालांना सातवं पोतं परत चढवायला लावलं. काट्यासमोर उकिडवे बसले आणि नाक काचेला टेकेल इतके पुढं वाकले. काच टॉवेलनं पुसली. पुन्हा बघितलं. मग उठून त्या म्हाताऱ्याकडं गेले आणि सगळा मोंढा ऐकेल अशा आवाजात म्हणाले, “सातव्या पोत्याचं माप मी चुकीचं बोललो. अडुसष्ट चारशे आहे. दिवाणजीनं बराबर लिहिलंय.”

म्हातारा गडबडून म्हणाला, “असू द्या हो, माणूसच हाये.”

दुकानात आल्यावर मामा माझ्याजवळ बसले. त्यांचा आवाज तेव्हा अगदी खाली होता. “किती दिसांपासून करून राह्यला असं?”

“आजच, मामा. शपथ.”

“माझं चुकलं तर मोठ्यानं बोलायचं. गुपचूप दुरुस्त करायचं न्हाई. लोकांना वाटलं असतं उत्तम बराबर बोलतो, आन् उत्तमलाही तसंच वाटलं असतं. मंग पुढच्या पोत्याला काय झालं असतं?”

दुसऱ्या दिवसापासून मामा मोंढ्यात आले नाहीत. मालकांनी दोनदा निरोप पाठवला, मापाचं सोडा, नुसते येऊन बसा म्हणून. मामांनी सांगितलं, नुसतं बसायला घरी ओटा आहे.

त्यांना जालन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात मीच घेऊन गेलो होतो. डॉक्टर तरुण होते, बहुतेक मोठ्या शहरातले. हात समोर धरून म्हणाले, “आजोबा, किती बोटं?”

“लाभ,” मामा म्हणाले.

डॉक्टर हसले. “लाभ होईल हो, उपचारानं होईल. आधी बोटं तर सांगा.”

“सांगितलं की. लाभ.”

तिथं मी एकटाच होतो ज्याला मामांचं उत्तरही कळलं होतं आणि डॉक्टरांची बोटंही दिसत होती. मला मोंढ्यातलं बोलणं आठवलं. मी मोठ्यानं म्हणालो, “साहेब, लाभ म्हणजे एक. ते एक म्हणून राह्यलेत.”

डॉक्टरांनी दोन बोटं धरली होती. त्यांनी हात खाली घेतला आणि ते कागदावर लिहू लागले. मामांनी माझ्याकडं तोंड फिरवून विचारलं, “किती होती?” मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. शुगरनं डोळ्यांचे पडदे खाल्ले होते, उरलेलं टिकवता येईल एवढंच, असं डॉक्टर म्हणाले. परतीच्या एसटीत मामांनी खिडकीजवळची जागा मला दिली. म्हणाले, तुला बाहेर बघायला होईल.

तळ्याला जाणं मात्र बंद झालं नाही. मोरपिसाचं देठ त्यांनी काढून टाकलं. दोरी उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर धरायचे आणि डोळे मिटून बसायचे. मी उघड्या डोळ्यांनी बसायचो. मासे त्यांनाच जास्त लागायचे.

गेल्या वर्षी दिवाळीला सुनीता आली ती ठरवूनच आली होती. आईबाबांना पुण्याला न्यायचं. तिचंही खरं होतं. मामी पहाटे चूल पेटवायला उठल्या की मामा अंदाजानं विहिरीकडं जायचे, आणि एकदा पायरी चुकून पडलेही होते. मामांनी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, “एक रविवार दे मला.” हे मला मामींनी सांगितलं, आणि सांगताना म्हणाल्या, “तोंडातून एक निघालं हो त्यांच्या. लाभ न्हाई म्हणाले.”

त्या रविवारी अख्ख्या आळीला ठाऊक होतं की मामा शेवटचे तळ्याला चाललेत. मामींनी आदल्या दिवशीच मसाला वाटून ठेवला होता. शेजारच्या दोन घरांना जेवायचं आवतन होतं. निघताना मामी माझ्या कानाशी म्हणाल्या, “दिवाणजी, आज रिकाम्या हातानं नका येऊ बरं का.”

दिवस चांगला होता. पाणी काठोकाठ होतं, थंडीचे पक्षी लांब उतरले होते. बाभळीखाली मामा बसले, बोटावर दोरी धरली, डोळे मिटले. दहा वाजले. बारा वाजले. आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली. दोन वाजले. मला एकही लागला नाही, त्यांनाही नाही. मी गळ बदलले, गांडुळं लावली, जागा बदलली. मामा बसल्या जागचे हलले नाहीत. साडेतीनच्या सुमारास त्यांचं बोट ताठ झालं. त्यांनी दोरी थोडी सैल सोडली, थांबले, पुन्हा ओढली. असं बराच वेळ चाललं. मग काठाजवळ पाणी उसळलं आणि मी गुडघाभर पाण्यात शिरून मासा दोन्ही हातांनी उचलला. रोहू होता. एवढा मोठा मासा मामांना माझ्यासमोर कधी लागला नव्हता.

त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वरखाली केला. चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडं बघितलं.

“सव्वातीन. थोडं कमी,” ते म्हणाले. “काटा लाव. आज तू बोल, मी ऐकतो.”

मी काटा लावला. “तीन किलो दोनशे.”

“बराबर,” मामा म्हणाले आणि लहान पोरासारखे हसले. मग पाण्याच्या दिशेनं एक पाऊल सरकले.

मला मामींचा वाटलेला मसाला दिसत होता. आता दिवस कलला होता, दुसरा मासा लागायची आशा नव्हती. आणि खरं सांगायचं तर मामासुद्धा तो मासा पोटाशी धरून होते. हा माणूस आयुष्यात पुन्हा इथं येणार नाही, आणि त्याचा सगळ्यात मोठा मासा घरी जाणार नाही, हे मला सहन होईना.

“मामा,” मी म्हटलं, “हा दुसरा आहे. मघाशी तुमचा डोळा लागल्ता तेव्हा माझ्या गळाला एक बारका आल्ता. मी सोडला. लाभ झालाय आपला.”

मामा थांबले. मासा त्यांच्या हातात तडफडत होता. क्षणभर वाटलं, ते मानतील. मानावं असं त्यांनाही वाटत होतं, मी पैजेवर सांगतो.

“मासा पाण्यात सोडला की आवाज होतो,” ते हळूच म्हणाले. “सकाळपासून मी दुसरं काय करून राह्यलो? आवाजच ऐकून राह्यलो.”

मी काटा खिशात घातला.

“वजन खरं बोलला. गिनती खोटी बोलला. तुला मोंढ्यात सांगितल्तं ना?” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “दिसत न्हाई मला. आता तू सांगशील तेच मला दिसणार. मंग मी कुणाचं ऐकू?”

ते पाण्यात उतरले. वाकून दोन्ही हात पाण्याखाली नेले, मासा थोडा वेळ तसाच धरला, त्याला श्वास येऊ दिला. “लाभ,” ते म्हणाले आणि हात उघडले. आवाज झाला. मला एवढी लाज वाटली की मी दोरी गुंडाळायचं निमित्त करून बाभळीमागं गेलो.

घरी मामी दारात उभ्या होत्या. मामा म्हणाले, “लाभ झाला. सव्वातीनचा, थोडा कमी.” मामींनी माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. मग आत गेल्या आणि त्या मसाल्यात बटाटे आणि अंडी टाकली. आळीतली माणसं जेवून गेली. त्या रश्श्याला मी नाव ठेवणार नाही, पण मला तो गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीताचा नवरा गाडी घेऊन दारात उभा होता. सामान बाहेर आलं होतं. मामा गाडीच्या मागं उभे राहिले आणि प्रत्येक पिशवी हातात घेऊन, तोलून, आत द्यायला लागले. “लाभ. दोन. तीन. चार. पाच.” मग हात पुढं करून चाचपलं. आणखी काही हाताला लागलं नाही.

गळाची पिशवी ओट्यावर होती, खांबाच्या आड. सुनीतानंच ती तिथं ठेवली होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. तिचे डोळे भरले होते. पुण्यात चौथ्या मजल्यावर गळ घेऊन हा माणूस काय करणार, आणि एकटाच पाणी शोधत बाहेर पडला तर, ही तिची भीती काही खोटी नव्हती.

मामांनी तोंड माझ्या दिशेनं फिरवलं. “पाच. बराबर आहे का, दिवाणजी?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मामी, सुनीता, जावई, शेजारची माणसं.

“न्हाई मामा,” मी म्हणालो. नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणालो, रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. “सहा. गळाची पिशवी ओट्यावर राह्यली.”

सुनीतानं माझ्याकडं अशी नजर टाकली की ती मी विसरणार नाही. पण ती गेली आणि पिशवी घेऊन आली. मामांनी ती हातात घेतली, दोनदा वरखाली केली, आतले गळ वाजले. त्यांनी ती गाडीत ठेवायला दिली नाही, स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले. गाडी सुरू झाली. काचेतून मला त्यांचं अर्धं तोंड दिसलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, जिथं माझा आवाज आला होता तिकडं बघत होते.

“सहा,” ते म्हणाले. “लिही.”